भीती पाकिटाची, धोका फोनमध्ये

महोदय,

गर्दीत एक जण कार्डाचे मशीन हातात लपवून फिरतो, कुणाच्या मागच्या खिशाला ते हळूच टेकवतो आणि पैसे गायब! हा व्हिडिओ मला आजवर चौघांनी पाठवला. खरेखोटे विचारायला शेजारी आले, तेव्हा मी कार्ड वाचणारे ॲप उघडून, टेकवून पैसे देण्याचे माझेच कार्ड माझ्या फोनच्या पाठीला लावले. फोन थरथरला, पडद्यावर कार्डाचा नंबर आणि मुदत उमटली. शेजारी दचकले. मग कार्ड वीतभर लांब धरले, तर काहीच नाही. दोन कार्डे एकावर एक ठेवली, तर फोनच गोंधळला.

या कार्डात बॅटरी नसते. समोरच्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते, म्हणून 13.56 मेगाहर्ट्झच्या लहरींवरचे हे बोलणे (यालाच एनएफसी म्हणतात) एरवी चार-पाच सेंटिमीटरमध्येच संपते. ऑनलाइन खरेदीत विचारले जाणारे, मागे छापलेले तीन अंक चिप सांगत नाही. शिवाय दर व्यवहाराला ती नवी सांकेतिक सही करते. जुनी चोरून काही उपयोग नाही. खिसेकापूसाठी हा फार कटकटीचा धंदा झाला.

खरी चलाखी वेगळीच आहे. 2024 मध्ये 'एनगेट' नावाचे अँड्रॉइडवरचे घातक ॲप उघडकीला आले. चेक प्रजासत्ताकातल्या बँकग्राहकांना बँकेच्या नावाने फसवून ते फोनमध्ये घालायला लावले जाई. मग 'एनएफसी चालू करा, कार्ड फोनच्या मागे धरा, पिन टाका.' इकडे कार्ड फोनला टेकले की त्याचे बोलणे इंटरनेटवरून चोराच्या फोनवर, आणि तो फोन एटीएमला टेकलेला! सही अस्सल, ताजी. मशीनने संशय तरी कशाचा घ्यावा? चार सेंटिमीटरची सगळी सुरक्षा अशी मालकाच्याच हाताने मोडली जाते. तेव्हा फोनवर आलेल्या लिंकवरून ॲप घ्यायला लावून कुणी त्यावर कार्ड टेकवायला सांगितले, तर फोन ठेवून द्यावा आणि कार्डावर छापलेल्या नंबरवर बँकेला विचारावे. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी एवढे तरी पाठवावे.

जाता जाता, टेकवून दार उघडायच्या कार्डांबद्दल. 'मायफेअर क्लासिक' या चिपचे गुपित नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये फोडले. ते संशोधन छापू नये म्हणून चिप बनवणारी कंपनी कोर्टात गेली आणि हरली. या चिपची सांकेतिक किल्ली अवघी 48 बिटांची, म्हणजे आजच्या मानाने फारच तोकडी. तरीही या जातीची कार्डे अजून दारे उघडताहेत. आमच्या कार्यालयातही तीच आहेत. मी तक्रार केली, तर उत्तर मिळाले, 'दार उघडतंय ना?'

शेजाऱ्यांनी शेवटी कार्डाच्या लहरी अडवणारे पत्र्याचे पाकीट मागवलेच, एक मलाही दिले. त्यात मी कार्यालयाच्या दाराचे कार्ड ठेवतो.

– एक वाचक