कपाटातली बाग

हेलसिंकी, ११ जानेवारी

नाना, आई, आजी, दादा, वहिनी, सगळ्यांना नमस्कार. पिल्लूला आत्याचा गोड पापा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर कपाट दाखवत होते आणि नेमकी रेंज गेली, त्यावर नाना म्हणाले की असं घाईघाईत दाखवू नको, काय केलं कसं केलं ते नीट लिहून पाठव, मी चष्मा लावून सावकाश वाचतो. आज सुट्टी आहे म्हणून बसलेय. पत्र लांब होणार आहे, आई तुला कंटाळा आला तर वहिनींना वाचून दाखवायला सांग.

आधी हे सगळं का केलं ते सांगते. इथे डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस सहा तासांचाही नसतो, आणि तोही नावालाच, सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या वर सुद्धा येत नाही आणि ढग असले की ते पण नाही. आपल्याकडे नाशिकच्या मखमलाबादला ऐन थंडीत सुद्धा अकरा तासांचा दिवस असतो, त्याची किंमत इथे आल्यावर कळते. मी ऑफिसला निघते तेव्हा अंधार, परत येते तेव्हा अंधार. खिडकीतली तुळस ऑक्टोबरपासून पिवळी पडत चालली होती आणि दिवाळीनंतर आठ दिवसांत गेली. आजी, तुला तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही, तुला फार लागलं असतं. त्याच आठवड्यात जुन्या सामानाच्या दुकानातून एक कपाट घरी आणलं, कपड्यांचं नाही, स्टोरेजचं असतं ना तसं, १८० सेंटीमीटर उंच, ८० रुंद, ४० खोल, दोन दारं. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं आहे, वरून पांढरा सनमायका.

पहिल्यांदा जे केलं ते चुकलं, ते आधी सांगते. मधल्या सगळ्या फळ्या काढून टाकल्या, वर एक लाईट लावला आणि खाली कोथिंबीर, मेथी, मिरचीची रोपं, कढीपत्त्याची कुंडी (इथलं एक मराठी कुटुंब भारतात परत गेलं, जाताना त्यांनी मला दिली) सगळं एकत्र ठेवलं आणि दार लावून टाकलं. पंधरा दिवसांत कोथिंबीर दोऱ्यासारखी बारीक आणि उंच होऊन आडवी पडली, कारण लाईट तिच्यापासून दीड मीटर वर, मग ती बिचारी उजेडाकडे पळतच राहणार. मिरचीची रोपं तर एका रात्रीत मातीच्या लेव्हलला काळी पडून माना टाकून पडली. नाना, ते बघून मला लगेच कळलं, तुमच्या कांद्याच्या रोपात मर लागायची, बुरशीने रोपं बुडाशी कुजायची, तेव्हा वाफ्यात अशीच गोल गोल टकलं पडायची. आणि सकाळी दार उघडलं की आतून थेंब ओघळत असायचे, कुबट वास यायचा. एका फळीच्या कापलेल्या कडेला पाणी लागलं होतं, ती कड इतकी फुगली की बिस्किट चहात बुडवल्यासारखी, हात लावला की भुसा निघायचा.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा तुमचं वाक्य सारखं आठवत होतं, बागेत हवा खेळती पाहिजे, पानात पान अडकलं की भुरी, ती पांढरी बुरशी, आलीच समजा. आणि मग लक्षात आलं की मी या सगळ्यांना एकाच हवामानात कोंबलं होतं. कोथिंबिरीला गारवा आवडतो, कढीपत्त्याला ऊब लागते, रोपांना खालून गरम माती आणि जवळ उजेड लागतो. आपण तरी द्राक्ष, कोथिंबीर आणि रोपवाटिका एकाच पट्ट्यात लावतो का? मग ठरवलं, कपाट एकच पण कप्पे तीन आणि प्रत्येक कप्प्याचं हवामान वेगळं.

गरम हवा वर जाते, त्यावरूनच वाटणी केली. सगळ्यात खाली ४५ सेंटीमीटरचा कप्पा, तो थंड राहतो, १७-१८ डिग्री, तिथे कोथिंबीर आणि मेथी. त्याच्या वर ३५ सेंटीमीटरचा कप्पा, तो रोपांचा, कारण खालच्या कप्प्याचे लाईट त्याच्या फळीला खालून चिकटलेत, ती फळी कोमट राहते आणि वेगळं काही न लावता मातीला खालून ऊब मिळते, मिरची पूर्वी पंधरा दिवस घ्यायची उगवायला ती आता आठव्या दिवशी वर येते. आणि सगळ्यात वरचा मोठा कप्पा कढीपत्ता आणि नवीन तुळशीचा, तिथे २४ पर्यंत जातं. कढीपत्ता १५ च्या खाली गेला की पानं टाकून झोपी जातो, पहिल्या वेळी खाली जमिनीवर ठेवला होता तेव्हा त्याने निम्मी पानं टाकली होती.

उजेडाचं मला इतकं नवल वाटलं की सांगते. आपल्या डोळ्यांना घरातला लाईट भरपूर वाटतो पण मोबाईलवर मोजला तर माझ्या हॉलमध्ये २०० ते ३०० लक्स (हे उजेडाचं माप), आणि दुपारच्या उन्हात उघड्यावर एक लाखाच्या आसपास असतो! म्हणजे खिडकीतली तुळस अंधारातच उभी होती, आणि मी तिला रोज पाणी घालून वर मुळं पण कुजवत होते. आता साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या लावल्यात, जांभळ्या लाईटची गरज नाही, पांढऱ्यात निळा आणि लाल दोन्ही येतात आणि त्यात झाडाचा खरा रंग दिसतो, कीड लागली तर लगेच कळते. वरच्या कप्प्यात ४० वॉट, मधल्यात २०, खाली ३०. मधल्या कप्प्यात आणि वर पट्ट्या साखळीवर टांगल्यात, रोप वाढलं की एक कडी वर सरकवायची, रोपांपासून वीतभर अंतर ठेवते. आतून सनमायका पांढरा होताच, पण तो चकाकतो म्हणून त्यावर मॅट पांढरा रंग दिला. स्वयंपाकातली अल्युमिनियमची फॉईल लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता पण ती चुरगळते, तिथे पाणी साठतं आणि बुरशी होते, मला अजिबात पटली नाही.

तीन टायमर आहेत. रोपांना १६ तास, वरच्यांना १४, आणि कोथिंबीर-मेथीला फक्त १२, कारण दिवस मोठा आणि गरम झाला की कोथिंबीर फुलावर जाते, मग पानं बारीक आणि चव उग्र. म्हणून मधल्या कप्प्याचा उजेड खाली गळू नये हे महत्त्वाचं होतं, आणि हवा मात्र खालून वर गेली पाहिजे, ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध! शेवटी प्रत्येक फळीला मागच्या बाजूला भोकं पाडली, एका फळीची डावीकडे, दुसरीची उजवीकडे, आणि त्यावर काळ्या रंगाची पुठ्ठ्याची छपरी बसवली, हवा वळसा घेऊन जाते, उजेड अडकतो. खाली पाठीला हवा आत यायला जाळी लावलेली दोन भोकं, वर बाहेर फेकणारा कम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, अडॅप्टरवर चालतो. शिवाय प्रत्येक कप्प्यात एक छोटा पंखा, तो पानं जेमतेम हलतील एवढाच. दार उघडून बघितलं की कोथिंबिरीची पानं हलकेच डुलत असतात, मला तिथून हलावंसं वाटत नाही. मर मात्र त्या दिवसापासून एकदाही नाही. माती वरून सुकली की मगच पाणी, ते पण खालच्या ट्रेमध्ये, वरून शिंपडत नाही.

दादा, तुझ्या कामाचं सांगते, वायरिंगमध्ये अजिबात हयगय केली नाही. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) आणि अडॅप्टर सगळे कपाटाच्या बाहेर, वरच्या अंगाला, आत फक्त पट्ट्या आणि पंखे. प्रत्येक वायर प्लगकडे जायच्या आधी खाली झोळीसारखी सोडलीय, म्हणजे वायरवरून पाणी ओघळलं तर त्या झोळीतून खाली पडतं, प्लगमध्ये जात नाही. लाईन ईएलसीबीवर आहे, म्हणजे कुठे करंट गळाला की स्विच आपोआप पडतो. आणि वजनाचा हिशोब मांडला तेव्हा माझीच छाती दडपली, ८० बाय ४० च्या ट्रेमध्ये चार सेंटीमीटर पाणी भरलं तर ते एकटं पाणीच जवळपास १३ किलो होतं. म्हणून फळ्यांखाली लोखंडी अँगल लावले, कपाट वरून भिंतीला आवळलं, पण भिंतीला चिकटवलं नाही, चार बोटं जागा सोडलीय नाहीतर बाहेरच्या थंड भिंतीमुळे मागे ओल धरते. फळ्यांच्या सगळ्या कापलेल्या कडा सिलिकॉनने बंद केल्या. ती फुगलेली फळी फेकून दिली.

रोज किती वीज लागते ते पण मोजलं, पंखे धरून १.३ युनिट, म्हणजे महिन्याला ४० युनिट. मला ते जड वाटत नाही.

पाण्याचं नाना तुम्हाला आवडेल. हेलसिंकीला पाणी पाईजान्ने नावाच्या तलावातून येतं, १२० किलोमीटर लांबीचा बोगदा खडकातून पाडून आणलंय, १९८२ साली पूर्ण झाला. पाणी इतकं मऊ की ट्रेवर पांढरा थर म्हणून धरत नाही. आपल्या बोरच्या पाण्याने ड्रिपर चोक होतात आणि तुम्ही ॲसिड सोडत बसता ते आठवलं.

आणि आई, बिया अजिबात पाठवू नको गं, पार्सलमध्ये पापडाच्या मध्ये लपवून तर मुळीच नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपात बाहेरून बी-रोप आणायचं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे त्यात रोग-कीड नाही असा सरकारी दाखला, लागतं, आणि ते बरोबरच आहे, एखादा रोग आपल्यामुळे इथल्या शेतात आला तर? मी इथल्या इंडियन दुकानातले स्वयंपाकाचे धणेच लावते. धणे ताटात पसरून वरून वाटीने हलके दाबून फिरवायचे, बी दोन फोडीत सुटतं, फार जोर लावला तर आतलं कोंब मोडतं. रात्रभर भिजत घालते आणि सकाळी निथळून कापडात. आठ-दहा दिवसांत दोन दोन पानं वर येतात. मेथी तर तिसऱ्या दिवशीच.

परवा पहिली जुडी काढली. मार्केटला संध्याकाळी कोथिंबिरीच्या शेकड्याच्या भावावरून कसा आवाज चढतो ते आठवत होतं, आणि इथे माझी जुडी मुठीत मावेल एवढी, पण तिला मुळासकट हातात धरली आणि नाकाला लावली तर तोच वास, ओल्या मातीसकट. त्या दिवशी भाकरी नव्हती, साध्या पोळीबरोबर पिठलं केलं आणि वरून सगळी घातली. मेथीची भाजी पुढच्या आठवड्यात.

पहाटे सहाला खालचा टायमर लागतो. बाहेर काळोख, बर्फ, आणि दाराच्या फटीतून पांढरी रेघ जमिनीवर येते. मी चहा घेऊन त्यासमोर बसते. तुमच्याकडे तेव्हा साडेनऊ झालेले असतात, नानांचा बागेत फेरा संपत आलेला असतो. निफाडला पारा खाली गेल्याचं वाचलं की मला द्राक्षांची काळजी लागते, पहाटे शेकोट्या पेटवता का यंदा? घडांत पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागले का?

आजी, नवी तुळस जिवंत आहे. चार बोटं झालीय, जांभळट देठाची आहे, रोज सकाळी तुझ्या नावाने हात जोडते.

आता नाना, खरा प्रश्न, त्यासाठीच एवढं लिहिलं. कढीपत्ता वरच्या लाईटला टेकायला आलाय, बाजूने फांद्या नाहीत, एकच सरळ काडी आणि वर पानांचा गुच्छ. शेंडा आत्ताच मारू का, की मार्चपर्यंत थांबू, तोपर्यंत खिडकीत उजेड येईल? पानांच्या बगलेत दोन ठिकाणी बारीक हिरवा डोळा फुगलेला दिसतोय, त्याच्या वर कापू की एक पेर सोडून? फोटो दादाच्या व्हॉट्सॲपवर टाकलेत, मोठे करून बघा आणि रविवारी सांगा. तोपर्यंत कात्री लावत नाही.

तुमचीच लेक