पंचनाम्याची वाट पाहत चिखल वाळतो

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर

महोदय,

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पाणी चढताना सुतारवाड्यातली माणसं कधी हलवायची, बोटी कुठं लावायच्या, याचा प्रशासनाला आता सराव आहे. आमचं म्हणणं पाणी उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांबद्दल आहे.

पुराचा गाळ ओला असेपर्यंत फावड्यानं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं निघतो. ऊन पडलं की फरशीच्या सांध्यांत घट्ट बसतो, मग खरवडावा लागतो. तालमीची आठ-दहा पोरं दोन खोल्यांचं घर अर्ध्या दिवसात मोकळं करतात. गाळ वाळला की त्याच घराला दोन दिवस जातात. तरी घरमालक हात लावू देत नाही, आणि त्याचं चुकत नाही. पंचनाम्याआधी घर धुतलं तर नुकसान दाखवायचं कशावरून? मदतीसाठी घर दोन दिवस पाण्याखाली असण्याच्या अटीवरून २०१९ मध्ये केवढा वाद झाला, ते लोक विसरलेले नाहीत.

म्हणून मुख्य मागणी ही: धुण्यापूर्वीचे फोटो पंचनाम्याला ग्राह्य धरण्याचा लेखी आदेश जूनआधी काढा. एक फोटो दाराचा, घर क्रमांक आणि वीजमीटर क्रमांकासह. एक भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा, शेजारी टेप धरून. मग प्रत्येक खोलीचा, आणि शेवटी बाहेर काढलेल्या सामानाचा. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर उमटलेलं हवं. प्रत्येक तालमीतल्या दोघा-तिघांना मे महिन्यातच हे शिकवता येईल.

दुसरी अडचण पाण्याची. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रंच पुरात बुडतात, त्यामुळे घर धुवायच्या दिवशी नळ कोरडे असतात. टँकर पिण्यासाठी पळतात आणि ते योग्यच आहे. धुण्यासाठी पूररेषेबाहेरच्या खाजगी बोअरची गल्लीवार यादी आणि जनरेटर आधीच ठरलेले हवेत.

मदतीत जुने कपडे ढिगानं येतात. लागतात त्या वस्तू वेगळ्या: दहा जणांच्या एका पथकाला चार फावडी, सहा घमेली, चार वायपर, दोन खराटे, शंभर फूट पाईप, दहा जोड गमबूट आणि रबरी हातमोजे. चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोची (उंदरांच्या मूत्रानं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. आरोग्य विभागाच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून प्रतिबंधक गोळ्या द्याव्यात.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीबद्दल थोडं सविस्तर. रस्त्याकडेला, चिखलावर मारलेल्या पांढऱ्या रेघांचा फारसा उपयोग नाही, गाळातली घाणच क्लोरीन संपवते. ती पावडर टाक्यांसाठी द्या. हजार लिटरची टाकी आधी घासून, भरून, ३३ टक्के क्लोरीनची १५० ग्रॅम पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ टाकीत ओतायचं. बारा तास ठेवून सगळं सोडून द्यायचं. ते पाणी प्यायचं नाही. पोतं एकदा उघडलं की दमट हवेत पावडरीचा जोर उतरतो, म्हणून पाच किलोच्या बंद पिशव्या हव्यात. संडास धुवायच्या ॲसिडशी तिचा संबंध येऊ देऊ नये, विषारी वायू सुटतो. हे पिशवीवर मराठीत ठळक छापा.

विजेच्या बाबतीत स्वयंसेवकांनी हात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बोर्डात गाळ असतो, भिंत आतून ओली असते. मेन स्विच बंद ठेवायचा आणि परवानाधारक वायरमननं मेगरनं (वायरिंगमधली गळती तपासायच्या यंत्रानं) तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. असे वायरमन विनामूल्य यायला तयार असतात. त्यांना ओळखपत्र आणि महावितरणशी जोडून देणारा एक माणूस एवढंच लागतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात महसूल, महापालिका, महावितरण आणि तालीम मंडळांची एकत्र बैठक लावावी. शुक्रवार पेठ, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली इथल्या घरांच्या आणि बोअरच्या याद्या आम्ही सोबत आणू.

आपले,
पुरानंतर घरं धुवायला जाणारे कोल्हापुरातील स्वयंसेवक