आइसलँडचा दुसरा आवाज

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील आइसलँडच्या संगीतावरचा लेख वाचला. गायिका ब्यॉर्क आणि सिगुर रोस हा बँड हवेतच, पण लेख तिथेच थांबला. चार लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या या देशात ब्लॅक मेटलची (हेवी मेटलचा अधिक काळोखा, कर्कश प्रकार) फळी उभी आहे, तिच्यावर एक ओळही नसावी?

स्वार्तीदॉयदी या बँडचे नाव घ्या. अर्थ ‘काळा मृत्यू’, म्हणजे मध्ययुगातला प्लेग. त्यांच्या 2012च्या ‘फ्लेश कॅथीड्रल’ या अल्बममध्ये गाणी फक्त चार, पण प्रत्येक लांबलचक. पहिल्यांदा ऐकताना माझा हेडफोन बिघडला असेच वाटले. गिटारचे सूर मुद्दाम एकमेकांशी भांडत असतात. चौथ्या-पाचव्या खेपेला त्या गोंगाटाखाली वळणे घेणारी चाल सापडली आणि मग सोडवेना. मिस्थिर्मिंग या दुसऱ्या बँडचा 2015चा पहिला अल्बम याहून आक्रमक आणि आइसलँडिक भाषेत. शब्द कळत नाहीत, घशातून खरवडून आलेला राग मात्र कळतो. सिनमारा हा बँडही ऐकावा असा.

माणसे मोजकीच असल्याने तोच वादक दोन-तीन बँडमध्ये दिसतो. नेस्कॉयप्स्तादुर या जेमतेम दीड हजार वस्तीच्या मासेमारी गावात 2005 साली एइस्तनाफ्लुग महोत्सव सुरू झाला, तिथे ही मंडळी वाजवत. (उच्चार चुकले असतील, माफी असावी.)

पुढच्या लेखात यांना अर्धा रकाना तरी द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक