मपेट शोचा नगरी पाहुणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ‘मपेट शो’ या कापडी बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमावरचा लेख वाचला. ज्युली अँड्र्यूज, पीटर सेलर्स, एल्टन जॉन, रॉजर मूर या ब्रिटिश पाहुण्यांची नावं त्यात आली. विनोदी लेखक आणि नट स्पाइक मिलिगन मात्र राहून गेला. मराठी वर्तमानपत्रात तो राहायला नको होता. १६ एप्रिल १९१८ रोजी तो आमच्या नगरला जन्मला. वडील ब्रिटिश हिंदी लष्करात होते. लहानपण पुण्यात आणि रंगूनला गेलं.

मी भिंगारचा. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हे मला कळलं इंग्लंडमधल्या लेस्टरला, लेकीच्या घरी. थंडीत बाहेर पडवत नसे, म्हणून नातू आणि मी या कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वाच्या डीव्हीडी लावून बसायचो. मिलिगनचा भाग लागला, नातवाने मोबाइलवर त्याची माहिती काढली आणि ओरडला, “आजोबा, हा अहमदनगरचा!” मी मोबाइल हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली.

कार्यक्रम अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सनचा. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी नाकारल्यावर ब्रिटिश टीव्ही निर्माते ल्यू ग्रेड यांनी पैसा दिला आणि लंडनजवळचा एल्स्ट्रीचा स्टुडिओही. १९७६ ते १९८१ या काळात १२० भाग झाले. ते देशोदेशी विकायचे होते, म्हणून दर भागाला कुणी ना कुणी नामवंत पाहुणा लागे, आणि लंडन जवळ असल्याने ब्रिटिश कलावंत सहज येऊ शकत. एल्टन जॉन तिथे मगरींच्या घोळक्यात गायला. केवढाही मोठा नट असो, कापडी बेडकाच्या डोळ्यांत बघून त्याच्याशी मनापासून बोलावं लागे. मला त्या कार्यक्रमात सगळ्यात भावलं ते हेच.

मिलिगनला तरी ब्रिटिश कसं म्हणायचं? महायुद्धात तो त्यांच्या तोफखान्यात होता. १९५१ पासून बीबीसी रेडिओवर ‘गून शो’ ही विनोदी मालिका लिहून त्याने त्यांना नव्या तऱ्हेने हसायला शिकवलं. तरी १९६० च्या दशकात कायदा बदलला आणि त्याच्या पासपोर्टचा प्रश्न उभा राहिला. निष्ठेची शपथ घे म्हणाले, त्याने घेतली नाही. वडिलांच्या नात्याने आयरिश पासपोर्ट काढला. २००१ मध्ये ‘सर’की मिळाली तीही मानद.

ज्याचं नागरिकत्व असं लोंबकळत राहिलं, त्याचं जन्मगाव तरी पक्कं आहे. आमच्याकडे लोक रणगाडा संग्रहालय बघायला येतात, किल्ल्यात नेहरूंना कैदेत ठेवलेली खोली बघतात. जाताना स्टेशनवर त्यांना एक छोटा फलक दिसावा, एवढीच संबंधितांना विनंती. खर्चासाठी माझ्या पेन्शनमधले पाच हजार रुपये मी आजच द्यायला तयार आहे. मजकूर दोन ओळींचा पुरे : ‘स्पाइक मिलिगन, विनोदी लेखक आणि नट. जन्म अहमदनगर, १९१८.’

आपला,
एक निवृत्त शिक्षक, भिंगार (अहिल्यानगर)