मोबाइल बाईंच्याच हातात राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतल्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की ‘जुने शिक्षक शिकायलाच तयार नसतात’ हे वाक्य हमखास ऐकू येते. जवळपासच्या शाळांच्या गटावर (‘केंद्रा’वर) देखरेख करणारा केंद्रप्रमुख म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांतून बरीच वर्षे फिरलो. मला ते पटत नाही.

2015मध्ये शाळा-विद्यार्थ्यांची माहिती भरायचे ‘सरल’ पोर्टल आले, 2017मध्ये डिजिटल धड्यांचे ‘दीक्षा’, मग पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड, शाळांच्या देशपातळीवरील आकडेवारीचे यू-डायस प्लस, ‘निष्ठा’चे ऑनलाइन प्रशिक्षण, हजेरीचा चॅटबॉट. दोनशिक्षकी शाळेत हे सगळे त्याच दोघांनी, चार वर्ग सांभाळून शिकायचे. पहिलीची मुले दिवाळीपर्यंत वाचती करणाऱ्या बाई ओटीपी म्हटले की धास्तावतात, कारण कधीतरी भर बैठकीत कुणी म्हणालेले असते, ‘‘बाई, एवढंही येत नाही?’’ त्यानंतर त्या विचारणेच सोडतात. शेजारच्या शाळेतले तंत्रस्नेही गुरुजी काम उरकून देतात आणि पासवर्डही त्यांच्याच वहीत राहतो.

मदत करणारे बहुधा मनाने चांगले असतात, पण घाई फार. हातातून मोबाइल घेतात, चार बटणे दाबतात, ‘झालं’ म्हणून परत देतात. माहिती भरली जाते, बाई होत्या तिथेच. शेजारी बसावे, बोट त्यांचेच चालू द्यावे, चुकले तर मागे कसे यायचे तेवढे दाखवावे. वेळ लागतो, मुलाला जोडाक्षर शिकवताना नाही का लागत?

दुसरी भीती जडवस्तू संग्रह नोंदवहीची, म्हणजे शाळेतल्या टिकाऊ सामानाची नोंद असते त्या वहीची. प्रोजेक्टर कपाटात का, असे विचारले की खालच्या आवाजात उत्तर येते, ‘‘बिघडला तर भरून कोण देणार, साहेब?’’ याला आळस म्हणता येणार नाही. वर्गात वापरताना वस्तू बिघडली तर वसुली होणार नाही, एवढे अधिकाऱ्यांनी लेखी कळवावे. बरीच कपाटे उघडतील. आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माहिती अपूर्ण’ शाळांची लाल रंगातली यादी टाकणे थांबवावे. शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नाही, हे यादी टाकणाऱ्यालाही ठाऊक असते. मुख्याध्यापकांना एक फोन करून भागते.

परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण प्रशिक्षणाची सुरुवातच त्यांच्या छायाचित्राने झाली की मागच्या बाकावरच्यांना वाटते, हे आपले काम नव्हे. त्यापेक्षा पलीकडच्या गावातल्या, नुकत्याच प्रोजेक्टर लावायला शिकलेल्या पन्नाशीच्या बाईंना बोलवा. केंद्रातले शिक्षक एकत्र जमतात त्या शिक्षण परिषदेत अर्धा तास त्यांना द्या, आणि तेवढा वेळ कुणाचाही आढावा घेऊ नका.

— एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, जि. सातारा