बर्लिनला व्हिडिओ गेमची कला बघायला शिकवणाऱ्या काकांना

ति. काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. बर्लिनला येणाऱ्या मराठी मंडळींना तुम्ही कार्ल-मार्क्स-आलेवरच्या कॉम्प्युटर गेम संग्रहालयात घेऊन जाता आणि पैसे विचारले की रागावता. तेव्हा आभार तरी उघड मानू द्या. पत्र जाहीर लिहायचं दुसरंही कारण आहे. तुम्ही जे दाखवता ते तिथल्या पाट्यांवर लिहिलेलं नाही. पाटी सांगते यंत्र कोणी आणि कधी बनवलं. तुम्ही सांगता की त्या यंत्रावरचं चित्र कसं तयार होतं, आणि ते बघायला नेमकं कुठे उभं राहायचं. पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला हे मिळायला हवं.

आधी वाटेचं. यू-५ मेट्रोने वेबरवीजे स्टेशनला उतरायचं. पत्ता कार्ल-मार्क्स-आले ९३ए. एकेकाळी स्टालिनआले म्हटल्या जाणाऱ्या या रस्त्यावर १९५०च्या दशकात बांधलेली ही इमारत, आणि पूर्वी याच जागेत कॅफे वॉर्शो होतं. संग्रहालय पहिल्यांदा १९९७ साली सुरू झालं, २००० मध्ये बंद पडलं आणि जानेवारी २०११ मध्ये या जागेत पुन्हा उघडलं. पाट्या जर्मन आणि इंग्रजी दोन्हीत आहेत. शनिवार-रविवार टाळा, तीन तास हाताशी ठेवा, आणि आत शिरल्या शिरल्या खेळायच्या यंत्रांकडे पळू नका, हे तुमचे तीन नियम. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा. हात एकदा बटणावर गेले की डोळे बघत नाहीत, हे तुमचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटलंय.

तुम्ही सुरुवात करता निमरॉडच्या प्रतिकृतीपासून. ब्रिटनच्या फेरांटी कंपनीने १९५१ साली हे यंत्र फक्त ‘निम’ खेळण्यासाठी बनवलं. आधी लंडनला आणि त्याच वर्षी बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं. तिथे पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री लुडविग एरहार्ड त्याच्याशी खेळले आणि हरले. बहुतेक लोक इथे एक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही मात्र खिशातून काड्या काढून डाव मांडता. ३, ४ आणि ५ काड्यांचे ढीग. एका वेळी एकाच ढिगातून हव्या तितक्या काड्या उचलायच्या, शेवटची काडी उचलेल तो जिंकला. युक्ती अशी की प्रत्येक ढीग चार, दोन आणि एक अशा तुकड्यांत फोडायचा. ३ म्हणजे दोन आणि एक, ४ म्हणजे नुसता चार, ५ म्हणजे चार आणि एक. आता मोजा: चारचे तुकडे दोन, एकचे तुकडे दोन, दोनचा तुकडा मात्र एकटाच. तो एकटा काढून टाका, म्हणजे तीनच्या ढिगातून दोन काड्या उचला. उरले १, ४, ५. सगळ्या तुकड्यांच्या जोड्या लागल्या. समोरचा काहीही उचलो, एखादी जोडी मोडणारच, आणि पुढच्या खेपेला ती पुन्हा लावणं तुमच्या हातात. त्याने पाचाचे दोन केले, तर तुम्ही चाराचे तीन करायचे. शेवटची काडी उचलणारा हरतो असा नियम धरला, तरी जवळजवळ शेवटपर्यंत हीच चाल चालते. फक्त ज्या चालीनंतर एकेक काडीचेच ढीग उरणार असतील, तिथे ते विषम संख्येत उरतील असं बघायचं. एवढं कळल्यावर निमरॉडचे दिवे म्हणजे लुकलुकणारी शोभा राहत नाही. यंत्र काय मोजतंय ते दिसायला लागतं.

मग राल्फ बेअर. जन्म जर्मनीत, १९२२ सालचा. ज्यू कुटुंब, १९३८ मध्ये देश सोडून अमेरिकेला गेलेलं. त्यांच्या कामातून १९७२ साली मॅग्नावॉक्स ओडिसी बाजारात आला, घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला गेम. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ, बाकी काही नाही. आवाज नाही, गुण मोजायची सोय नाही. मग मैदान, भुताचं घर, रस्ता हे सगळं कुठे? ते रंगीत छापलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांवर. पत्रा टीव्हीच्या काचेवर लावायचा, काचेवरच्या स्थिर विजेने तो चिकटून राहायचा. टीव्हीच्या आकाराप्रमाणे पत्रे दोन मापांत यायचे. गेमच्या चित्रकलेची सुरुवात छापखान्यात झाली, हे तुम्ही इथे उभं राहून सांगता तेव्हा पुढची सगळी यंत्रं बघायची नजर बदलते. १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्स या शत्रूंच्या फौजेवर गोळ्या झाडायच्या गेमचंही तसंच. मूळ यंत्रातली पिक्चर ट्यूब काळीपांढरी. वरचा लाल आणि खालचा हिरवा पट्टा म्हणजे काचेवर लावलेली रंगीत फिल्म. शत्रू रंग बदलत नाहीत, रंगीत पट्टीखालून जातात. आणि उरलेले शत्रू जोरात पळतात त्याचं कारण: ११च्या ५ रांगा, एकूण ५५, आणि एका फ्रेमला, म्हणजे पडदा एकदा पूर्ण रंगवताना, यंत्र एकच शत्रू हलवतं. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर पूर्ण फौज एक पाऊल सरकायला साधारण ०.९ सेकंद लागतो. फौज निम्मी झाली की वेळही निम्मा. शेवटचा एकटा उरला की तो दर फ्रेमला हलतो.

पण काका, सगळ्यात मोठे आभार पिक्चर ट्यूबच्या धड्याबद्दल. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाकडून हे ऐकणं वेगळंच. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत पिवळ्या कॅसेटचा गेम टीव्हीला लागायचा. ते चित्र आज मोबाइलवर बघितलं की खडबडीत, चौकोनी आणि जरा सुकलेलं दिसतं. लोक म्हणतात, आठवण गोड असते म्हणून तेव्हा छान वाटायचं. तुम्ही ठामपणे सांगता की तसं नाही, तेव्हा चित्र खरोखरच वेगळं होतं.

याचे पुरावे तुम्ही घरच्या टेबलावर मांडता. पहिला: त्या गेममध्ये चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, पण टीव्हीची काच ४:३ प्रमाणाची. म्हणजे प्रत्येक ठिपका उंचीपेक्षा थोडा रुंद पसरतो. चित्रकाराने काचेवर बघून गोल काढला असेल, तर चौकोनी ठिपक्यांच्या आजच्या पडद्यावर तोच गोल उभट दिसणार. दुसरा: सेगा मेगा ड्राइव्ह हे टीव्हीला लावायचं गेमचं यंत्र. त्यात अर्धपारदर्शक रंग दाखवायची सोयच नव्हती. त्यावरच्या १९९१च्या सॉनिक या गेममधला धबधबा एकाआड एक उभ्या रेघांनी काढलाय. पिवळ्या पिनच्या केबलमधून सिग्नल आला की शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि रेघांच्या जागी आरपार दिसणारं पाणी दिसतं. तीच मशीन, तोच टीव्ही, फक्त लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळ्या तारांतून नेणारी आरजीबी केबल लावा: चित्र लखलखीत होतं आणि पाण्याच्या जागी गज उभे राहतात. चांगली केबल म्हणजे चांगलं चित्र हा समज इथे मोडतो. तुम्ही दोन्ही केबल आलटून पालटून लावता आणि काही न बोलता बाजूला उभे राहता, हे फार बरं करता.

तिसरी गोष्ट काटकसरीची. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसतो, त्यात चित्रांसाठी फक्त ८. आठ बाय आठ ठिपक्यांची एक फरशी १६ बाइट खाते, म्हणून एकूण ५१२ फरश्या. त्यातल्या २५६ पार्श्वभूमीला, २५६ हलत्या आकृत्यांना. म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र, फक्त रंगांची पेटी बदललेली. कॅनव्हासवर भरतकाम करणारीला एक टाका वाया घालवणं जसं परवडत नाही, तसं या चित्रकारांना एक फरशी वाया घालवणं परवडत नव्हतं. एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त आकृती-तुकडे आले तर यंत्र उरलेले दाखवतच नाही. म्हणून गर्दी झाली की आकृत्या फडफडतात. ती फडफड म्हणजे बिघाड नव्हे. कोणाला वगळायचं याची पाळी प्रोग्रामर दर फ्रेमला बदलत असतो, म्हणजे कोणीही पूर्ण नाहीसा होत नाही.

खरा बिघाड कसा ओळखायचा हेही तुम्हीच शिकवलंत. कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवट डाग दिसला तर जवळ स्पीकर किंवा चुंबक आलंय, चुंबकत्व घालवणारी डिगॉसिंग कॉइल फिरवली की जातो. चित्र बाजूंनी आत आलं किंवा कडा लाटेसारख्या हलायला लागल्या तर कंडेन्सर सुकलेत. बदलताना १०५ अंशांचे घ्यायचे, ८५चे नाहीत, कारण बंद कॅबिनेटमध्ये उष्णता साठते. चित्र मधूनच जातं आणि थाप मारली की परत येतं, तर ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेला सांधा, बहुधा ईएचटी या उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरच्या पायांपाशी. थाप मारून चालवत राहू नका, सांधा पुन्हा वितळवून घ्या. पडद्यावर कायमचा चक्रव्यूह उमटलेला दिसला तर तिथलं फॉस्फर जळलंय, त्यावर ट्यूब बदलण्याशिवाय इलाज नाही. आणि मागचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही: रंगीत ट्यूबवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते उरतात. हे वाक्य तुम्ही प्रत्येक वेळी दोनदा म्हणता. आम्हीही दोनदा लिहितो: उघडायचं नाही.

जॉयस्टिकचंही तसंच बारीक काम. पॅक-मॅनला चार दिशांचीच दांडी लागते. आठ दिशांची बसवली की कोपऱ्यावर दोन स्विच एकदम दाबले जातात आणि वळण चुकतं. खेळणारा स्वतःला दोष देतो, दोष दांडीखालच्या पट्टीचा असतो. जुन्या पत्तीच्या स्विचचे काँटॅक्ट काळे पडले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेलं जाड कार्ड मधून ओढायचं. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा निघून जातो आणि महिनाभरात स्विच पहिल्यापेक्षा वाईट होतो.

पॉली-प्ले यंत्रापाशी तुम्ही लोकांना जास्त वेळ थांबवता, आणि ते योग्यच. पूर्व जर्मनीतलं हे नाण्यावर चालणारं यंत्र १९८०च्या दशकाच्या मध्यात कार्ल-मार्क्स-श्टाट (आजचं केम्निट्झ) शहरातल्या पॉलिटेक्निक या सरकारी कारखान्यात बनलं. एका खेळाला ५० फेनिग, एका कपाटात आठ खेळ, आत झेड-८० या प्रोसेसर चिपची पूर्व जर्मन नक्कल यू-८८०. पॅक-मॅनच्या धर्तीच्या खेळात ससा आणि लांडगा, सोव्हिएत कार्टूनमधून आलेले. एका खेळात फुटलेल्या पाइपचं गळणारं पाणी झेलायचं. पडदा म्हणून घरगुती रंगीत टीव्ही, आणि कपाट दिवाणखान्यातल्या फर्निचरसारखं लाकडी. पश्चिमेकडच्या यंत्रांवर बाहेरून भडक चित्रं असतात, कारण त्यांना गिऱ्हाईक ओढायचं असतं. याला शेजारी स्पर्धकच नव्हता. फरक डोळ्यांसमोर असतो, पण बोट दाखवल्याशिवाय दिसत नाही. एकीकरणानंतर यातली बहुतेक यंत्रं मोडीत गेली.

पेनस्टेशनबद्दल थोडक्यात. फोल्कर मोराव्हे आणि टिलमान राइफ या कोलोनच्या दोन कलाविद्यार्थ्यांनी २००१ साली केलेली ही कलाकृती. पॉंगसारखा, पडद्यावरच्या पट्टीने चेंडू परतवायचा खेळ, डावा हात धातूच्या पट्टीवर. चेंडू सुटला की हाताला उष्णता, विजेचा झटका किंवा छोट्या चाबकाचा फटका. हात आधी उचलेल तो हरला. फक्त प्रौढांसाठी. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी लांब राहायचं, अंगठ्या-घड्याळं काढून ठेवायची. तुम्ही लोकांना खेळायला आग्रह करत नाही, बघायला सांगता: पडद्याकडे नको, खेळणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे. कलाकृती तिथे आहे, हे आम्हालाही पटतं.

आणि फोटो. ट्यूबचा फोटो काढला की काळा आडवा पट्टा येतो, कारण चित्र वरून खाली रेघ-रेघ रंगवलं जातं आणि कॅमेऱ्याचं शटर मधेच बंद होतं. मोबाइलमध्ये प्रो मोड लावा. युरोपातल्या ५० हर्ट्झच्या टीव्हीला १/२५, साठच्या आसपास चालणाऱ्या आर्केड यंत्रांना १/३० शटर, आयएसओ कमीत कमी, फ्लॅश बंद. कोपर यंत्राला नाही, भिंतीला टेकवा. रंगीत लाटा उमटल्या तर अर्धं पाऊल मागे सरका, झूम करू नका. तुमच्या या चार ओळींनी जितके फोटो सुधारले असतील, तितके कुठल्याही अ‍ॅपने सुधारले नसतील.

काका, तुम्ही हाताने लिहिलेला केबलचा तक्ता, कोणत्या मशीनला कोणती पिन आणि कुठे चित्र बिघडतं तो, आम्ही स्वच्छ टाइप करून ठेवलाय. मेगा ड्राइव्हच्या दोन मॉडेलच्या मागच्या सॉकेटमधला फरक त्यात लिहायचा राहिलाय. पहिल्या मॉडेलला मोठं आठ पिनांचं गोल सॉकेट, दुसऱ्याला छोटं नऊ पिनांचं, केबल अदलाबदल होत नाही. तेवढं तपासून द्या, म्हणजे पुढच्या मंडळींच्या हातात पक्की प्रत देता येईल. आणि पुण्याच्या जुन्या बाजारात चालू स्थितीतली २१ इंची ट्यूब दिसली की आधी तुम्हाला फोटो पाठवू. घ्यायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

आपले ऋणी,
तुमच्याबरोबर ते दालन बघितलेले सगळे