रविवारी आले नाही त्याचं कारण

पर्वरी, 28 जून

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

रविवारी ऑफिसात काम निघालं असं सांगितलं, ते खोटं होतं. तोंड सुजलं होतं. व्हिडिओ लावला नाही तोही रेंज नव्हती म्हणून नव्हे. बाबांना मोबाईलवरची बारीक अक्षरं वाचवत नाहीत आणि आईला फोनवर अर्धं ऐकून रडायची सवय, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दादाकडे देतेय. शेवटपर्यंत वाचा, मग फोन करा.

गालांवरच्या खड्ड्यांवर उपचार सुरू केलेत. पहिली वेळ गुरुवारी झाली. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही ‘कशाला बाय, आहेस तशी बरी आहेस’ म्हटलं असतं आणि मी आणखी एक वर्ष गप्प बसले असते.

पैशांचं आधी सांगते. एका वेळचे साडेसात हजार, अशा चार-पाच वेळा. विम्यात बसत नाही. पण भिशी लागली ती यासाठीच ठेवली होती. कौलं परतायचे पैसे वेगळे, बाबांच्या मोतीबिंदूचे वेगळे, त्यांना हात लावलेला नाही. आणि तीन वर्षांत मी सोन्याचा मणीसुद्धा घेतला नाही. (हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.)

मुरूम खोलवर पिकला की कातडीला आतून धरून ठेवणारं कोलॅजेन झडतं. जखम भरताना चिवट दोरे होतात, ते कातडी खाली ओढून धरतात. म्हणून नुसत्या मलमाने खड्डा वर येत नाही. माझे पसरट खड्डे आहेत तिथे सुई आत सरकवून ते दोरे तोडले. सबसिजन म्हणतात त्याला. भूल दिली होती, दुखलं नाही, पण ओलं सुंभ तुटावं तसा आवाज आतून ऐकू येतो. नाकाजवळचे अरुंद, खोल आहेत त्यांत टूथपिकच्या टोकाने अ‍ॅसिडचा थेंब सोडला. जागा लगेच पांढरी पडली, आता खपल्या धरल्यात. गाल निळा-हिरवा झालाय, शेवग्याखाली पडले होते तेव्हासारखा. दहा-पंधरा दिवसांत जाईल म्हणाल्या डॉक्टरबाई. पुढच्या वेळी बारीक सुयांचं मशीन फिरवणार. लेझर मीच मागत होते, त्यांनी आत्ता नको म्हटलं. आपल्या सावळ्या कातडीवर त्याचे काळे डाग उमटायची भीती जास्त, आणि ते महिनोन्‌महिने राहतात. मागेल ते करून देणारी बाई नाही, म्हणून विश्वास बसला.

खड्डे पूर्ण जाणार नाहीत. अर्धे भरले तरी पुष्कळ, आणि तेही हळूहळू, आत नवं कोलॅजेन व्हायला महिने लागतात. तेव्हा गणेशचवथीला चष्मा लावून माझा गाल तपासत बसू नका.

दोडामार्गची माणसं मला बघून गेली म्हणून हे करतेय असं समजू नका. नंबर त्याआधीच, मार्चमध्ये लावला होता. थोडं त्यांच्यामुळेही असेल, नाही कसं म्हणू? पण जास्त करून मला स्वतःलाच फोटोत मान वळवायचा कंटाळा आलाय.

एक गोष्ट लिहू की नको, दोन दिवस विचार करतेय. डॉक्टरबाईंनी विचारलं, आधी काय लावत होतीस? मी त्या ट्यूबचं सांगितलं. त्यात स्टिरॉइड असतं, आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि मग मुरूम जास्तच फुटतात. कुणी दिली, तर मी म्हटलं कॉलेजातल्या मैत्रिणीने. आई, तू हे वाचून गप्प होशील, मला माहीत आहे. होऊ नकोस. चिठ्ठीशिवाय दुकानदाराने दिली, गल्लीतल्या सगळ्या मुली लावत होत्या, आणि मुरूम नखाने फोडायचं काम तर माझं मीच केलं. खड्डे त्यानेच जास्त पडले. तू ओरडायचीस, मी न्हाणीघरात जाऊन फोडायचे.

मला तर सहाण आठवते. लाईट गेलेली, बाहेर पाऊस, तू चंदन उगाळून लावायचीस आणि सुकेपर्यंत फुंकर घालत बसायचीस. मी तेव्हाच झोपायचे. आणि बाबा, चोर्ल्याच्या धुक्यातून मला बेळगावला नेलंत. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता ‘वय गेलं की जातील’ म्हटलं, आणि येताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, नुसती माझी पिशवी धरून बसलात. ती पिशवी रिकामी होती.

माझी काळजी नको. खोलीतली मुलगी पेज करून देते, पदेर पाव घेऊन दारात येतो, ऑफिसने तीन दिवस घरून काम दिलंय. पाऊस असला तरी सनस्क्रीन लावते, खपल्या काढत नाही.

आता ऐका. बाबांनी पुरुमेंताचा, पावसाळ्यासाठी साठवलेला खारा बांगडा रोज खायचा नाही, प्रेशर आहे. अंगणात शेवाळ धरलं असेल, ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, तेही गड्याकडून, आईने गुडघ्यांवर बसायचं नाही. साखर तपासून आकडा दादाला सांगा, ‘बरी आहे’ हा आकडा नव्हे. दीन दयाळ आरोग्य विम्याच्या कार्डाची मुदत बघा. मावशीला यातलं काही कळवू नका, ती लिंबाचा रस सांगेल.

पुढची वेळ ऑगस्टच्या सुरुवातीला. त्यानंतरची मुद्दाम चवथ झाल्यावरची घेतलीय, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला मी असेन. दादाकडे कुळथाचं पीठ पाठव, लेप नको. सहाण मात्र धुऊन ठेव, गणपतीला गंध मी उगाळीन.

तुमची,
बाय